आडवे ओघळ

१

छोट्याने गाडीवरचं कव्हर झटक्यात ओढलं आणि गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं.

छोट्या म्हणजे दादांचा एकुलता एक मुलगा. दारातून वाकून आत यावं लागेल इतका उंच, स्वतःची मुलं कॉलेजात गेलेली, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही निघालं नव्हतं. वडिलांची चंदेरी गाडी विकून टाकायची, हे त्याने मनावर घेतलं होतं. डोळ्यांनी दगा दिल्यापासून दादांचं गाडी चालवणं बंद झालं होतं आणि गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये भिंतीला खेटून उभी होती. "उभ्या उभ्या सडेल ती," असं छोट्या दर भेटीत म्हणायचा आणि दादा दर वेळी "बघू" म्हणायचे. शेवटी त्या रविवारी सकाळी तो कोणाला न सांगता गिऱ्हाईक घेऊनच आला.

"हे काय झालंय?" गिऱ्हाईकाने चाकाकडे बोट दाखवलं.

चारही अलॉय व्हीलची रया गेली होती. चकाकीच्या जागी दुधाळ, भकास पांढरेपणा. कुठे वरच्या पारदर्शक लॅकरचे पापुद्रे सुटलेले, कुठे बोट लावलं की पिठासारखी भुकटी.

"बाकी गाडी छान आहे हो," गिऱ्हाईक भिडेखातर म्हणालं. "पण चाकांची ही तऱ्हा, तर इंजिनाचं काय असेल?" आणि चालू लागलं.

नेमके त्याच वेळी भाऊ बादली घेऊन आत आले. इमारतीतल्या झाडून सगळ्या गाड्या भाऊच धुवायचे. किडकिडीत, मितभाषी माणूस. छोट्याचा राग आयताच त्यांच्यावर फिरला.

"काय लावलंत हो चाकांना? ॲसिड?"

"नाही साहेब. साबण आणि पाणी. बादलीत दुसरं काही नसतं माझ्या."

"मग काय आपोआप झालं हे?"

भाऊंनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर वर, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे गेली आणि उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

"उद्यापासून या इमारतीत पाऊल टाकायचं नाही," छोट्या म्हणाला. "कमिटीला मी संध्याकाळीच सांगतो."

भाऊंनी फडकं पिळलं, घडी केली, बादलीच्या कडेवर ठेवलं आणि बादली तिथेच सोडून ते निघून गेले.

गॅलरीत दादा उभे होते. शेजारी त्यांची बायको. दोघांनी सगळं ऐकलं होतं. एरवी रिक्षावाल्यावर कोणी आवाज चढवला तरी मध्ये पडणारे दादा त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला.

"बारके, जेवण झालं की ये. भाऊचं काम जातंय. त्याने काही केलेलं नाही, एवढं सिद्ध करून दे."

"देते. मग केलंय कोणी?"

"तेवढं खोलात जायची गरज नाही," दादा म्हणाले.

बहिणीने फोन ठेवला. तिने विमा कंपनीची सर्व्हेअर म्हणून हयात घालवली होती, ठोकलेल्या, जळलेल्या, बुडालेल्या गाड्या बघण्यात. खोलात जाऊ नका असं तिला आजवर एकाच जातीची माणसं सांगत आली होती. खोलात काय आहे हे ज्यांना ठाऊक असतं, ती.

२

छोट्याच्या आत्या आल्या त्या थेट पार्किंगमध्येच. गुडघ्याखाली जुना टॉवेल घेऊन पहिल्या चाकासमोर बसल्या. छोट्या वरून टॉर्च धरून उभा राहिला.

"ॲसिडच आहे ना आत्या?"

"आहे. बाथरूमचं असावं. लॅकर खाल्लंय, खालचा ॲल्युमिनियम उघडा पाडलाय."

"बघ! मी म्हणालो नव्हतो?"

"थांब रे. टॉर्च इकडे."

डाव्या बाजूच्या चाकांच्या कडेला खरचटल्याच्या खुणा होत्या, फूटपाथला घासल्यावर होतात तशा. आणि प्रत्येक खरचट्यापासून लॅकरच्या खालून बारीक पांढऱ्या रेघा निघाल्या होत्या. वळणावळणाच्या, लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या वाटेसारख्या.

"हे ॲसिडने होत नाही," आत्या म्हणाल्या. "ओरखडा पडला की लॅकरला तोंड फुटतं. तिथून ओल शिरते आणि आतल्या आत गंज सरकत जातो. ॲल्युमिनियमचा गंज असा पांढरा असतो. याला महिने लागतात, छोट्या. ही जुनी गोष्ट. ॲसिड त्याच्यानंतरचं."

"म्हणजे आधी भाऊंनी खरचटवलं?"

"उभ्या गाडीचं चाक फूटपाथला कसं खरचटवतात, ते मला करून दाखव."

आत्यांनी चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे धुणाऱ्याचा हात पोचत नाही तिथे, बोट घातलं. बोटावर पांढरे कण आले. त्यांनी ते खुशाल जिभेवर ठेवले.

"अगं आत्या! काय करतेस!"

"खारट," आत्या म्हणाल्या आणि रुमालात थुंकल्या. "समुद्र किती लांब आहे इथून?"

"टेकडीच्या पलीकडे. पण इथे कुठला समुद्र? इथे तर वारासुद्धा येत नाही."

आत्या उठल्या, एकेका चाकासमोर जाऊन आल्या आणि मग त्यांनी छोट्याला शेजारी उकिडवा बसवला.

"ॲसिड ओतलं की ओघळ कुठे जातो?"

"खाली."

"मग बघ."

छोट्याने बघितलं. एका चाकावरचा ओघळ आडवा होता. दुसऱ्यावरचा तिरका. पुढच्या उजव्या चाकावरचा तर सरळ वर, आभाळाच्या दिशेने गेला होता.

"ओघळ वर चढत नाहीत," आत्या म्हणाल्या. "चाक फिरतं. ॲसिड लावल्यानंतर ही गाडी चालली आहे. आणि फिरून जागेवर आली आहे."

"कसं शक्य आहे? किल्ली दादांच्या खणात असते!"

"हो ना," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी वर गॅलरीकडे बघितलं. गॅलरीतला पडदा चटकन सरकला.

३

भाऊ कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात सापडले. समोरचा चहा गार झाला होता.

"डाग कधी दिसले तुम्हाला?" आत्यांनी विचारलं.

"बरेच दिवस झाले. डावीकडच्या चाकांवर बारीक बारीक. मी घरात सांगितलं होतं."

"घरात म्हणजे कोणाला?"

भाऊंनी कप बशीत फिरवला. "घरात."

"तुमचं काम जातंय भाऊ. नाव घेतलंत तर वाचेल."

"कामं मिळतात ताई," भाऊ म्हणाले. "तुम्ही मला नका विचारू."

आत्यांनी त्यांच्यासाठी दुसरा गरम चहा मागवला आणि विषय बदलल्यासारखं केलं. "दादा उतरतात का हो खाली?"

या प्रश्नाने भाऊ मोकळे झाले. "रोज सकाळी! फिरायला म्हणून उतरतात आणि गाडीत जाऊन बसतात. स्टिअरिंगसमोर. रेडिओवर गाणी ऐकतात. मी कव्हर अर्धं वर करून काच पुसून देतो. घरी सांगू नका म्हणाले आहेत, हसतील म्हणून."

परत आल्यावर आत्या गाडीत शिरल्या, स्टिअरिंगसमोर बसल्या. त्या दादांच्या खांद्याला लागायच्या. सगळ्या गाड्यांमध्ये त्यांना सीट पुढे ओढावी लागायची. इथे ओढावी लागली नाही. पाय अलगद पेडलवर पोचले. आरशातून मागची काच नीट दिसली.

मग त्यांना हसू आलं आणि ते दाबायला त्यांना रुमाल तोंडाशी धरावा लागला.

उतरल्यावर त्यांनी तळमजल्याचं दार वाजवलं. तिथे ड्रायव्हरकाका राहायचे. आयुष्यभर बस चालवलेला आडदांड माणूस. पार्किंगच्या जागेवरून त्यांचं आणि छोट्याचं मागेच चांगलं वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद.

"माझ्याकडे कशाला आलात?" काका दारातूनच गुरगुरले. "मी तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगला बोटसुद्धा लावलेलं नाही. शपथ घेऊन सांगतो."

"मी चाकांबद्दल विचारायला आले होते काका," आत्या म्हणाल्या. "स्टिअरिंगचं कोणी काढलं?"

काकांचा चेहरा लाल झाला. दार बंद झालं. पण त्याआधी आत्यांनी पाहिलं होतं: दाराशी ठेवलेल्या काकांच्या चपलांना बारीक वाळू लागली होती.

४

वर स्वयंपाकघरात दादांची बायको, म्हणजे आत्यांच्या वहिनी, भांडी पुसत होत्या. एकच पातेलं पुन्हा पुन्हा.

"चहा टाकू का गं?"

"नको, आत्ताच झाला. वहिनी, बसायला एखादं बुटकं स्टूल आहे का? खाली वाकून वाकून गुडघे गेले माझे."

"आहे की. माझेही तसेच आहेत ना." वहिनींनी ओट्याखालून लाकडी स्टूल ओढलं.

आत्यांनी ते उलटं केलं. चारही पायांची टोकं, तेवढीच, पांढरी पडून झिजली होती.

खाली पार्किंगच्या सिमेंटवर प्रत्येक चाकासमोर ॲसिडचे शिंतोडे उडाले होते आणि त्या पांढऱ्या खुणांमध्ये चार छोटे चौकोन कोरे राहिले होते. असे चार-चार चौकोन तीनच चाकांसमोर होते. चौथं, भिंतीकडचं मागचं चाक, अर्धंच धुतलं गेलं होतं, कारण भिंत आणि गाडीच्या फटीत स्टूल मावत नव्हतं.

"वहिनी," आत्या हळू म्हणाल्या, "भाऊंना काय करायचं?"

वहिनींचा पुसणारा हात थांबला. "त्यांना मी सकाळीच फोन केलाय. म्हटलं, संध्याकाळी घरी या, मी छोट्यासमोर सगळं सांगते. ते उलट मलाच म्हणाले, उद्यापर्यंत थांबा बाई, तुमचं उद्याचं होऊ दे. पण मी नाही थांबणार. एका माणसाचं नाव खराब करून मला काही नकोय."

"उद्या काय आहे?"

वहिनींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बाहेर बेल वाजली. छोट्या कमिटीच्या सेक्रेटरीला भेटायला निघाला होता, त्याने दार उघडलं. दारात भाऊ होते. त्यांच्या मागे, मान खाली घालून, ड्रायव्हरकाका.

५

सगळे बाहेरच्या खोलीत बसले. दादा खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत, तोंड बाहेर वळवून.

"बोल ना आत्या," छोट्या म्हणाला. "कोण आहे?"

"आधी कोण नाही ते सांगते. भाऊ नाहीत. ॲसिड लावणारा स्टुलावर बसला होता. भाऊ जन्मभर उकिडवे बसून गाड्या धुतात आणि त्या भिंतीच्या फटीत ते सहज शिरतात. त्यांनी लावलं असतं तर चौथं चाकही पुरतं धुतलं गेलं असतं. शिवाय ॲसिड हा शेवटचा भाग. मुळात गाडी कित्येक महिने चालते आहे. समुद्राकाठी जाते, तिथे फूटपाथला घासते, आणि घासलेल्या जागेतून खारी हवा आत शिरते. घासते फक्त डाव्या बाजूने. चालवणाऱ्याला अजून डावीकडचा अंदाज नाही. म्हणजे तो शिकतोय."

छोट्याने भुवया वर केल्या. "शिकतोय? या वयात आपल्या घरात कोण शिकणार?"

"सीट पुढे ओढलेली आहे. माझ्याएवढ्या उंचीच्या माणसासाठी. शेजारी बसणाऱ्याच्या चपलेला समुद्राची वाळू आहे आणि त्याने स्टिअरिंगला खरोखरच बोट लावलेलं नाही, कारण चांगला शिकवणारा लावत नाही."

ड्रायव्हरकाका छताकडे बघू लागले.

"आणि डाग दिसल्यावर घाबरून त्या शिकणाऱ्याने घरात जे जालीम मिळालं ते ओतलं. संडास चकाचक होतो, मग चाक का नाही होणार?"

"सांगते आता मीच," वहिनी म्हणाल्या. मान ताठ होती. "मीच रे ती. दुपारी हे झोपले की काका आणि मी जायचो. समुद्राच्या भिंतीलगत मोकळा रस्ता आहे, तिथे. उद्या माझी लायसन्सची परीक्षा आहे."

"तू? आई, तुला तर सायकलची भीती वाटते!"

"वाटते ना. गाडी पडत तरी नाही."

कोणीतरी हसलं. भाऊच असावेत.

"अगं पण चोरून कशाला?"

वहिनींनी नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं. "यांच्यासाठी. गाडी बंद झाल्यापासून हे समुद्राचं नावच काढत नाहीत. बसने जाऊ म्हटलं तर नको. टॅक्सीने नको. म्हटलं, आपणच न्यावं. आणि यांना सांगितलं असतं तर हे शेजारी बसले असते आणि दर वळणावर पायांनी नसलेला ब्रेक दाबला असता. मग मला कधीच आलं नसतं."

"दाबलाच असता," खिडकीकडून आवाज आला.

सगळे वळले.

"दादांना माहीत होतं," आत्या म्हणाल्या. "रोज सकाळी हा लांबलचक माणूस त्या सीटवर बसतो. स्टिअरिंग गुडघ्यांत रुतत असणार. मला सांग छोट्या, मागे सरकवायला किती वेळ लागतो? एक कळ ओढायची. का नाही सरकवली?"

दादा खुर्चीतून हळूहळू वळले. कान लाल झाले होते.

"पुन्हा नेमकी तिथेच आली नसती तर?" ते म्हणाले. "तिला कळलं असतं, मी बसतो म्हणून. मग तिने जाणं बंद केलं असतं."

"म्हणजे दुपारी तुम्ही झोपायचात ते..." वहिनी म्हणाल्या.

"झोपायचो कुठला! तू खणातून किल्ली काढताना खोकायचो तरी का? श्वास धरून पडायचो. तू परत येईपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही."

वहिनींनी हातातलं फडकं डोळ्यांना लावलं. "काय माणूस आहे! गुडघे दुखतात म्हणून रोज रात्री मी तेल चोळतेय यांना!"

या वेळी सगळेच हसले. एकटा छोट्या हसला नाही. तो उठला आणि भाऊंसमोर जाऊन उभा राहिला. इतका उंच माणूस, पण त्या क्षणी त्याला आपले हातपाय कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"भाऊ, चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोरच माफी मागतो. खालीही मागतो, गॅलऱ्यांमधून ज्यांनी ऐकलं त्यांच्यादेखत."

"राहू द्या साहेब."

"नाही राहू देणार. पण तुम्ही बोलला का नाहीत?"

"बाईंचं गुपित होतं," भाऊ म्हणाले. "मला कोणी सांगितलं नव्हतं, मला दिसलं होतं. दिसलेलं सांगत फिरायचं का?"

छोट्या खाली गेला आणि येताना भाऊंची बादली स्वतः घेऊन आला.

६

परीक्षेला वहिनी त्याच कळकट चाकांवर गेल्या. सकाळच्या रांगेत सगळी पोरंसोरं आणि मध्ये या, चष्मा पुसत. पहिल्यांदा नापास झाल्या. मागे घेताना एक खांब पाडला. "फक्त एकच," असं त्यांनी घरी आल्यावर सगळ्यांना बजावून सांगितलं.

पुढची तारीख मिळेपर्यंत आत्यांनी चाकं उतरवून त्यांच्या ओळखीच्या कारखान्यात नेली आणि वहिनींना मुद्दाम बरोबर नेलं. कारागिराने टायर काढले, रंग उतरवणाऱ्या द्रावणाने जुनं लॅकर पार काढलं आणि पोखरणारा पांढरा गंज घासत घासत खालचा स्वच्छ धातू लागेपर्यंत गेला.

"वरवर रंग मारला तर नाही का चालणार?" वहिनींनी विचारलं.

"गंज आत राहिला तर रंगाखालून परत चालू लागतो," आत्या म्हणाल्या. "सगळा काढायचा, प्रायमर द्यायचा, रंग द्यायचा, वर लॅकर. आणि समुद्रावरून आल्यावर साध्या पाण्याने धुवायची, आतल्या बाजूनेसुद्धा. ओरखडा दिसला की लगेच बुजवायचा. ॲसिड बाथरूममध्ये."

"कळलं गं बाई."

दुसऱ्या खेपेला वहिनी पास झाल्या. गाडी विकायचा विषय छोट्याने पुन्हा काढला नाही. उलट त्याने आणि ड्रायव्हरकाकांनी मिळून पार्किंगची जागा नव्याने आखली, वहिनींना सरळ आत घेता यावी अशी. आखताना दोघं पट्टीवरून भांडले, पण निदान बोलत होते.

आणि मग एका दुपारी दादा आपल्याच गाडीत डाव्या बाजूला बसले. हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी ते आधी मांडीवर ठेवले, मग दारावर, मग छातीशी धरले. टेकडीच्या चढावर त्यांचा उजवा पाय जोरात खाली गेला.

"दाबलात ना ब्रेक?" वहिनी समोर बघत म्हणाल्या.

"पाय आखडला होता."

समुद्राच्या भिंतीशी वहिनींनी गाडी थांबवली. फूटपाथपासून चांगली हातभर लांब. इंजिन बंद केलं. समोरच्या आणि डाव्या काचेतून सगळा समुद्रच आत आला, भरतीचा, करड्या-हिरव्या रंगाचा, आवाजासकट.

"दिसतंय का काही?" त्यांनी जरा भीत भीत विचारलं.

दादांच्या डोळ्यांना ऐन मधलं दिसेनासं झालं होतं. जे सरळ समोर धरावं तिथे नुसता राखाडी डाग यायचा. दिसायचं ते कडेने, नजर दुसरीकडे नेली की. त्यांनी एकदा समुद्राकडे तोंड करून पाहिलं आणि मान हलवली. मग ते सावकाश उजवीकडे वळले आणि बायकोच्या चेहऱ्याकडे तोंड करून बसले.

"आता दिसतोय," ते म्हणाले. "चांगला पार लांबपर्यंत."

वहिनी लाजल्या. "अहो, लोक बघतायत."

"बघू देत. मी समुद्र बघतोय."

आणि अंधारून येईपर्यंत ते तसेच बसून राहिले.